विषय: मोनोप्रिंट सांगून इंकजेट कॉपी विकली, पैसे परत हवेत

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला. हा चौथा फोन होता, आता मला बोलायचंच नाहीये म्हणून लिहितेय.

तुमच्या साइटवर स्पष्ट लिहिलं होतं, एचिंग प्लेटवरून (आम्लाने रेघा कोरलेली धातूची प्लेट) काढलेलं मोनोप्रिंट, १/१, म्हणजे तसं एकच. त्याचे मी २२,००० रुपये भरले. पार्सल उघडलं तर खाली पेन्सिलने ७/५०, म्हणजे पन्नास कॉप्यांमधली सातवी. कडेने प्लेट दाबल्याची खूण नाही, शाईचा उठाव बोटाला कुठेच जाणवत नाही, आणि भिंगातून बघितलं तर काळ्या रंगात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके, म्हणजे इंकजेट प्रिंटरचं काम. फोटो तीनदा पाठवलेत.

आजच्या फोनवर वीस मिनिटं होल्डवर ठेवून सुपरवायझर आले. मी म्हटलं, ५० कॉप्या असतील तर हे मोनोप्रिंट कसं? ते म्हणाले, "मॅडम, सात नंबर फक्त तुमच्याकडेच आहे ना? मग तो एकच झाला." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं, परत विचारलं तर परत तेच, आणि वर म्हणाले "आर्टमध्ये असं चालतं". नाही चालत! मी स्वतः दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये काचेवर शाई लावून, चिंधीने पुसून प्रिंट काढलंय, म्हणजे मोनोटाइप, त्यात पहिल्याच दाबात बहुतेक शाई कागदावर जाते आणि दुसरा कागद लावला तर फिकट सावली उमटते. फ्रेंच चित्रकार एडगर देगा तर त्या फिकट प्रिंटवर पेस्टल लावून नवीनच चित्र करायचा. मोनोप्रिंटमध्ये प्लेटवर कोरलेली रेघ कायम असते हे मान्य, त्यामुळे एका प्लेटवरून दहा प्रिंट निघतीलही, पण शाई दरवेळी हाताने वेगळी लावलेली असते, दोन कागद सारखे येतच नाहीत. त्या एका कागदासाठीच आम्ही पैसे साठवतो. तुमच्याच साइटवर याच चित्राचा २३/५० चा फोटो आहे, डागसुद्धा त्याच जागी.

कॉपी विकायला माझी हरकत नाही, कॉपी म्हणून विका आणि कॉपीची किंमत लावा.

आणि रिटर्नचे ७ दिवस संपले हे कारण देऊ नका. मी दुसऱ्याच दिवशी मेल केला होता, उत्तर द्यायला तुम्ही ९ दिवस घेतलेत. दुसऱ्याच दिवशी केला होता, तारीख बघा.

तुमच्याकडून याआधी दोन लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेली चित्रं) घेतलेत, दोन्ही खरे, सुंदर, बाहेरच्या खोलीत लावलेत. आता त्यांच्याकडे बघतानाही शंका येते, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय.

१५ दिवसांत पूर्ण २२,००० परत करा, पार्सल न्यायला माणूस पाठवा आणि लिस्टिंगमधून 'मोनोप्रिंट' शब्द काढा. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करणार, लिस्टिंगचे स्क्रीनशॉट आणि भिंगातले फोटो जपून ठेवलेत. यापुढे फोन करू नका, जे काही असेल ते मेलवर लिहून द्या.