आईला म्हणालास, उन्हाळी लागलीय

कराड

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू आईला फोनवर म्हणालास, उन्हाळी लागलीय, लघवीला जळजळतंय, अंगात कणकण आहे. तिनं धणे-जिऱ्याचं पाणी घे म्हणून सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो, पण फोन काही मागून घेतला नाही. आपल्या घरात बापलेक असल्या विषयावर बोलत नाहीत. म्हणून लिहितोय. टपालाला चार दिवस लागतील, त्यामुळे फोटो काढून पाठवतोय.

नुसत्या उन्हाळीला थंडी वाजून ताप येत नाही. ताप, जळजळ आणि बसायच्या जागी आत दुखणं, हे सगळं एकदम आलं तर प्रोस्टेट सुजलेलं असू शकतं. म्हाताऱ्यांचं दुखणं ते, असं मीही समजायचो. मला झालं तेव्हा मी ३३ वर्षांचा होतो. १९९८ साल, तू आईच्या पोटात.

तेव्हा मी पुणे-बंगलोर ट्रक चालवायचो. गाडी थांबवायला नको म्हणून पाणीच कमी प्यायचं, लागली तरी पुढच्या ढाब्यापर्यंत दाबून धरायची. एकदा परतताना निपाणीच्या पुढं हुडहुडी भरली. सीटवर टेकलं की खालून खडा रुतल्यासारखं व्हायचं. एका कुल्ल्यावर बसून कराड गाठलं. लघवी थेंब थेंब.

डॉक्टरांनी कुशीवर झोपवलं, हातमोजा घातला आणि मागून बोटानं हलकेच तपासलं. अर्धं मिनिट लागलं असेल, पण मी लाजेनं भिंतीकडंच बघत राहिलो. मग त्यांनी चिठ्ठीमागं चित्र काढून दाखवलं. मूत्राशयाच्या खाली पुरुषांना अक्रोडाएवढी गाठ असतेच, तेच प्रोस्टेट, आणि लघवीची नळी तिच्या मधनं जाते. ती सुजली की नळी आवळते. आपल्याच आतड्यातले जंतू बहुतेक वेळा लघवीच्या वाटेनं तिथं पोचतात. दाबून धरल्यानंच झालं असं काही ते म्हणाले नाहीत, पण लघवी साचून राहिली की जंतूंचं फावतं, एवढं म्हणाले.

चार आठवड्यांच्या गोळ्या होत्या. आठव्या दिवशी बरं वाटलं, बंगलोरचा माल भरून तयार होता, मी गोळ्या सोडल्या. दीड महिन्यात सगळं परत. त्या गाठीत औषध सहजी मुरत नाही, म्हणून कोर्स लांबतो, हे मग चांगलं खडसावून ऐकवलं मला. दुसऱ्या खेपेला सहा आठवडे.

आणि तू मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या आणल्यास म्हणे! डॉक्टरांना ते लपवू नकोस. लघवीचं कल्चर करतील, जंतू कुठला आणि त्याला कुठली गोळी लागू पडते ते त्यात कळतं. काहींना महिनोन्‌महिने दुखतं आणि कल्चरमध्ये काहीच निघत नाही. तिथं नुसत्या गोळ्या गिळून भागत नाही. ओटीपोटाखालचे स्नायू आखडलेले असतात, मनावर ताण असतो, ते सैल करावं लागतं. कोमट पाण्याच्या टबात बसल्यानं बराच आराम पडतो. तू दहा-दहा तास खुर्चीला चिकटलेला असतोस, तासातासाला उठत जा.

कंपनीच्या तपासणीत पीएसए नावाची रक्ताची टेस्ट असली तर आत्ता करू नकोस. सुजेनंही तो आकडा चढतो आणि माणूस कॅन्सरच्या धास्तीनं झोपत नाही. बरं झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी बघता येईल.

आबांचं तुला आठवतं का? २००८, तू चौथीत. वयानं त्यांचं प्रोस्टेट वाढलेलंच होतं, त्यात सर्दीचं औषध घेतलं आणि रात्री लघवी पार तुंबली. सर्दीच्या काही औषधांनी तसं होतं. दवाखान्यात नळी घातली, तेव्हा आबा ओक्साबोक्शी रडले. लघवी अडली, किंवा ताप वाढून हुडहुडी भरली, तर सकाळची वाट बघायची नाही.

एक लिहायला जड जातंय. संबंधातून लागणाऱ्या रोगांनीही हे होतं. निरोध वापरत जा. यावर मी पुन्हा विचारणार नाही.

आज ऑफिसला जाऊ नकोस. दवाखान्यातून आलास की आईचा नको, माझा नंबर लाव.

तुझे
आण्णा