पवनचक्कीची माहिती दडवून प्लॉट विकल्याबद्दल तक्रार

सोलापूर, दि. १४ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मंगळवेढा रस्त्यावरील एनए (बिगरशेती) लेआउट, पश्चिमेकडील पहिल्या दोन ओळींतील १४ प्लॉट.

महोदय,

लेआउटच्या पश्चिमेला येणाऱ्या पवनचक्कीची माहिती प्लॉट विकताना तुम्ही आम्हाला दिली नाही, या आमच्या पहिल्या अर्जाला तुमचे उत्तर मिळाले. त्यात मुद्दे दोनच: "चक्कीपासून १८५ मीटर अंतर पाळले आहे" आणि "घरांच्या किमतीवर परिणाम होत नाही हे अमेरिकेत सिद्ध झाले आहे". दोन्ही आम्हाला मान्य नाहीत.

आधी अंतर. चक्कीचा मनोरा १२० मीटर, पात्यांच्या चक्राचा व्यास १२०. मनोऱ्याची उंची, अधिक अर्धा व्यास, अधिक ५ असे धरून तुमचे १८५ येतात. हे सूत्र रस्ते, रेल्वे, इमारती आणि अतिउच्चदाब वाहिन्यांसाठी आहे. मनोरा आडवा झालाच तर कुठवर पडेल, एवढेच ते बघते. २०१६ च्या त्याच केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत आवाजासाठी राहत्या घरापासून ५०० मीटर असे वेगळे अंतर दिले आहे. मोजणी नकाशावर आमची पहिली ओळ ४१० मीटरवर येते.

ते बंधन पवनचक्कीवाल्यावर आहे, असे तुम्ही म्हणाल. कबूल. पण क्रेन आणि पात्यांचे ट्रेलर नेण्यासाठी तुमच्या जमिनीतून रस्ता देणारे संमतीपत्र आमच्या खरेदीखतांच्या आठ महिने आधीचे आहे आणि त्यावर सही तुमची आहे. ते नोटरीकडचे, नोंदणीकृत नाही, म्हणून आमच्या वकिलांच्या सर्च रिपोर्टात (नोंदणी कार्यालयातल्या नोंदी तपासून केलेल्या अहवालात) आलेच नाही. प्लॉट बघायला आलो तेव्हा पलीकडे ज्वारीचे रान होते. खरेदीदाराला साध्या चौकशीत न कळणारा आणि विकणाऱ्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष सांगणे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

आता किमती. तुम्ही दाखवलेला अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेचा २०१३ चा अभ्यास आम्ही वाचला. त्यात ५१,२७६ घरविक्रीचे व्यवहार आहेत, पण अर्ध्या मैलाच्या, म्हणजे साधारण ८०० मीटरच्या आतले फक्त ३३१. "परिणामाचा सांख्यिकी पुरावा मिळाला नाही", एवढेच तो म्हणतो. "परिणाम नाही" असे नाही. इंग्लंड-वेल्समधल्या २०१५ च्या अभ्यासात चक्क्या दिसणाऱ्या, २ किलोमीटरच्या आतल्या घरांची किंमत सरासरी ५ ते ६ टक्क्यांनी उतरलेली आहे. अमेरिकेतल्याच नंतरच्या एका अभ्यासात प्रकल्प जाहीर झाल्यावर मैलभरातल्या घरांना, लांबच्या घरांच्या तुलनेत, ११ टक्के फटका बसला आणि चक्की सुरू झाल्यावर तीन ते पाच वर्षांत तो भरून निघाला. हा फटका अडीच लाखांवर वस्तीच्या शहरी भागांतला आहे, खेड्यांत तो दिसला नाही, हेही आम्ही लपवत नाही. मात्र जाहिरातीत "सोलापूर शहराचा विस्तार" म्हणून शहरी दर तुम्हीच लावलात. आता खेड्याचा आधार घेता येणार नाही.

परदेशी टक्केवारी जशीच्या तशी इथे लावा, असा आमचा हट्ट नाही. पण "सूची दोनमध्ये (खरेदीखतांच्या नोंदणीच्या उताऱ्यात) दर उतरलेला दिसत नाही" हे तुमच्या माणसाचे म्हणणे मुळातच फोल आहे. मुद्रांक शुल्क रेडीरेकनर (सरकारी दर) आणि ठरलेली किंमत यांपैकी जास्त असेल त्यावर लागते, त्यामुळे रेडीरेकनरच्या खालचा आकडा खरेदीखतात सहसा कोणी घालत नाही. दर पडला तरी कागद हलत नाही. खरी घट दिसते ती इसार परत मागितला जातो तिथे, प्लॉट वर्ष-वर्ष पडून राहतो तिथे आणि बँकेच्या व्हॅल्युअरच्या अहवालात.

त्यात चक्की आमच्या बरोबर पश्चिमेला. मार्चमध्ये आभाळ स्वच्छ असते आणि सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला मावळतो, तेव्हा सायंकाळी पाच ते सहाच्या दरम्यान फिरत्या पात्यांची सावली पहिल्या ओळीवर पडते. मिनिटाला १३ फेरे, पाती तीन: मिनिटाला ३९ वेळा उजेड-अंधार. पश्चिमेच्या खिडकीसमोर मांडलेले स्टीलचे भांडेसुद्धा लुकलुकते. आणि गिऱ्हाईक प्लॉट बघायला येते ते नेमके उन्हे उतरल्यावर.

आवाजाचे मोबाइल ॲपवरचे आकडे आम्ही मुद्दाम देत नाही, ते पुराव्यात टिकत नाहीत. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे आवाज आमच्याच अंगावर. रात्री जमिनीलगतचा वारा पडतो, १२० मीटरवरचा चालू राहतो. पाने हलत नाहीत आणि पात्यांची फसफस मात्र स्पष्ट ऐकू येते. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सप्टेंबर संपायच्या आत, रात्री १० नंतर, सलग तीन रात्री प्रमाणित यंत्राने मोजणी करावी. चक्की चालू असताना आणि थांबवून, अशी दोन्ही वेळा. नाहीतर नुसता वाऱ्याचा आवाज किती, ते वेगळे काढता येत नाही.

सर्व १४ प्लॉटचे आणि तुलनेसाठी लेआउटच्या पूर्व टोकाच्या प्लॉटचे मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून तुमच्या खर्चाने व्हावे. ज्यांना पूर्वेचा शिल्लक प्लॉट बदलून हवा त्यांना तो द्यावा, ज्यांना बाहेर पडायचे त्यांची पूर्ण रक्कम रेरा (स्थावर संपदा) कायद्याच्या कलम १२ प्रमाणे व्याजासह परत करावी. उरलेल्या प्लॉटच्या माहितीपत्रकात चक्की नकाशावर दाखवा. त्यातली "निसर्गरम्य शांत परिसर" ही ओळ आजच काढता येईल.

संमतीपत्राची प्रत आणि लेखी उत्तर ३० दिवसांत न आल्यास महारेरा आणि जिल्हा ग्राहक आयोग, दोन्हींपैकी योग्य तिथे तक्रार दाखल करू. आयोगाची दोन वर्षांची मुदत आम्ही मोजत आहोत.

आपले,
पहिल्या दोन ओळींतील प्लॉटधारक