पिशवी काढल्यावर बाईला पुढचं पण सांगत जा

संपादक साहेब, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. चार वर्षांआधी बाळंतपणात रक्त थांबेना म्हणून माझी गर्भाशयाची पिशवी काढावी लागली, लेकरू पण गेलं. जीव वाचवला, त्यामुळे डॉक्टरांवर राग नाही. पण सुट्टीच्या कार्डावर गोळ्या आणि टाक्यांची तारीख एवढंच लिहून दिलं, आणि घरी सगळ्यांनी धरूनच चाललं की आता हिला लेकरू नाही. मी पण तेच धरलं. दोन वर्षांनी नागपूरला दुसऱ्याच दुखण्यासाठी दाखवलं तेव्हा तिथल्या मॅडम सहज बोलल्या, तुझी अंडाशयं तर शाबूत आहेत, स्त्रीबीज तुझंच घेता येईल. दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले मी, दोन वर्षं हे कोणी सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन सांगितलं तर माझी जाऊ म्हणाली, "काहून रडते वं, माह्या पोटात वाढू दे ना तुहं लेकरू." तिला दोन पोरं आहेत, वय तीस. मग माहिती काढली. सरोगसी म्हणजे आपलं लेकरू दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवणं. 2021 च्या सरोगसी कायद्याने पैसे देऊन पोट भाड्याने घेता येत नाही, फक्त दवाखान्याचा खर्च आणि 36 महिन्यांचा विमा. सरोगेट बाई 25 ते 35 वयाची, स्वतःचं लेकरू असलेली पाहिजे, आणि आयुष्यात एकदाच. शिवाय मेडिकल बोर्डाचा दाखला, मॅजिस्ट्रेटचा आदेश, नागपूरच्या चकरा. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही थांबलो, दोन एकरातून ते निघत नाही. पुण्यात 2017 ला आईचंच गर्भाशय लेकीला बसवलं आणि पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली, ते तर आमच्यापासून लई दूर, पण असं होतं हे तरी बाईला माहीत पाहिजे ना.

हे कोणी सांगत नाही म्हणूनच दलालांचं फावतं. मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसात ओळखीतला एक माणूस घरी आला, प्लास्टिकच्या थैलीत घडी केलेला स्टॅम्प पेपर, म्हणे दीड लाखात बाळ, नोटरीचा शिक्का मारून देतो. मालक तर तुरीचे पैसे मोजायला बसले होते. अंगणवाडीच्या ताईनं अडवलं म्हणून वाचलो. लेकरू विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हे आहेत, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि त्या कागदाला दत्तक म्हणून काही अर्थ नाही, तीन वर्षं वाढवलेलं लेकरू उद्या हातातून काढून नेतील.

नात्यातलं लेकरू रीतसर दत्तक घेता येतं. नाहीतर कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, घरी येऊन चौकशी होते, नंबर लागला की लेकरू दाखवतात, शेवटी जिल्हाधिकारी आदेश देतात. आम्ही नोंदवलं. चौकशीला आलेल्या ताईनं सासूबाईंना विचारलं, नात आली तर चालेल का, तर म्हातारीनं पेटीतलं जुनं झबलं काढून दाखवलं. नंबर अजून लागला नाही, वाट लई मोठी आहे, पण रात्री झोप लागते.

माझं एवढंच मागणं आहे की पिशवी काढली की सुट्टीच्या कार्डासोबत ही माहिती मराठीत लिहून द्या, आशाताईंना शिकवा, आणि तुम्ही कापसाचे भाव रोज छापता तसं जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता महिन्यातून एकदा तरी छापा. आमच्या गावात माझ्यासारख्या तिशीच्या आतल्या अजून दोघी आहेत. त्यातल्या एकीच्या घरी तो स्टॅम्प पेपरवाला परवाच चहा पिऊन गेला.

तुमची एक वाचक,
जि. यवतमाळ