'गाठ' नव्हे, गुठळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पायातल्या शिरेत 'रक्ताची गाठ' झाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. कृपया 'गुठळी' लिहा. या शब्दांच्या घोळातून आम्ही गेलो आहोत.

गेल्या पावसाळ्यात रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायरीवरून ह्यांचा पाय घसरला, हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. ते काढलं आणि चौथ्या दिवशी पोटरी सुजली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मार लागलेला पाय, रक्त साकळलं असेल. कोमट तेल चोळ." मी वाटी घेऊन बसलेही. हात लावला तर पोटरी गरम, टणक, कातडी ताणून चकाकणारी. दुसरी नेहमीसारखी मऊ. सुनेने शिवणाची टेप आणून मोजलं, साडेतीन सेंटिमीटरचा फरक! तिने चोळू दिलं नाही, थेट दवाखान्यात नेलं. डॉपलर सोनोग्राफीत (तिच्यात शिरेतलं रक्त कसं वाहतंय ते दिसतं) खोल शिरेत गुठळी दिसली. चोळताना ती सुटली असती तर रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकली असती, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला दरदरून घाम फुटला.

नणंदेने फोनवर 'गाठ' ऐकलं आणि कॅन्सर समजून रडायलाच लागली. गाठ म्हणजे मांसाची वाढ. साकळणं म्हणजे शिरेबाहेर, कातडीखाली रक्त उतरून काळंनिळं होणं. गुठळी मात्र वाहतं रक्त शिरेच्या आतच थिजून होते. बोट कापल्यावर रक्त थांबतं तेही गुठळीमुळेच, पण तिथे ती हवीच असते.

'रक्त पातळ करायची गोळी' हेही तसंच. अशक्तपणा येईल म्हणून ह्यांनी ती दोन दिवस परस्पर बंद केली. त्या गोळीने रक्त पाण्यासारखं होत नाही. ते गोठण्याची क्रिया मंदावते, म्हणून गुठळी वाढत नाही आणि शरीर ती हळूहळू विरघळवतं.

१३ ऑक्टोबरला जागतिक थ्रॉम्बोसिस दिन असतो. थ्रॉम्बोसिस म्हणजे रक्तवाहिनीत अशी गुठळी होणं. गुठळी सुटून फुप्फुसात कशी जाते हे दाखवणारे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्शो यांचा तो जन्मदिवस. त्या दिवशी आपण चौकटीत एवढं छापाच: एकच पाय अचानक सुजला तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकाएकी दम लागला, छातीत दुखलं तर घरी थांबू नका.

– एक गृहिणी, पंचवटी, नाशिक