काउएहीहून फाकाराव्याला

फाकारावा, तुआमोटू बेटं,
फ्रेंच पॉलिनेशिया

प्रिय बाळ्या,

भर प्रशांत महासागरात शिडाच्या बोटीवर भीती नाही का वाटत, असं तू विचारलं होतंस. खुल्या समुद्रात नाही रे वाटत. पोटात गोळा येतो तो बेट जवळ आलं की! परवाचाच प्रवास सांगतो.

काउएही ते फाकारावा, जेमतेम ३५ सागरी मैल. दोन्ही ॲटॉल. मधे लगून म्हणजे खाऱ्या पाण्याचं तळं, भोवती प्रवाळाचं कडं आणि कड्यावर माड. डोंगर नावालाही नाही. मूळचा ज्वालामुखी कधीच खाली खचला, प्रवाळ तेवढा वर वाढत राहिला. डार्विनने १८४२ मध्ये मांडलं ते हेच. त्यामुळे सात-आठ मैलांवर येईपर्यंत बेटाचा पत्ताच लागत नाही, आणि लागतो तो आधी माडांच्या शेंड्यांवरून. बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीने १७६८ मध्ये या टापूला ‘धोकादायक द्वीपसमूह’ म्हटलं ते उगाच नाही.

कड्याला आत-बाहेर करायला दार एखादंच, फार तर दोन. भरती-ओहोटी इथे फूट-दीड फुटाची, आपण तिला भरती म्हणणारही नाही. पण वाऱ्याकडच्या बाजूने लाटा कड्यावरून सारख्या आत पडत असतात आणि ते सगळं पाणी बाहेर पडणार त्या एवढ्याशा दारातून. दक्षिणेकडून मोठ्या लाटा लागल्या की बाहेर जाणारा ओघ थांबायचं नावच घेत नाही. मग भरतीचं कोष्टक गुंडाळून ठेवायचं.

दारातून आत-बाहेर करायचं ते ओघ थांबलेला असतानाच. एरवी तो एकदा थांबला की पुन्हा थांबायला साधारण सहा तास. सहा नॉटने, म्हणजे ताशी सहा सागरी मैलांनी, ३५ मैलांनाही तेवढेच लागतात. म्हणून आमची कॅप्टन, साठी ओलांडलेली एक खमकी फ्रेंच बाई, सकाळी साडेसहालाच बोट दाराबाहेर काढून मोकळी झाली. दुपार कलली तर फाकाराव्यात शिरताना सूर्य समोरून डोळ्यांत येतो आणि पाण्याचा नुसता आरसा होतो, तळ दिसत नाही.

मधले तास म्हणजे चैन. आग्नेयेचा वारा बरोबर बाजूने, गळाला एक माही-माही. मासा धरायचा तो इथे बाहेरच. आतल्या प्रवाळावरच्या माशांत सिग्वाटेराचं विष असू शकतं आणि ते शिजवूनही जात नाही. डोळ्यांसमोर एवढाले मासे फिरत असताना हात आवरायचा, मालवणच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही!

तुमाकोहुआ हे फाकाराव्याचं दक्षिणेकडचं दार वाऱ्याच्या तोंडावर आहे. आतून ओघ येत असेल तर वारा आणि पाणी एकमेकांवर आदळून उभ्या लाटा उसळतात. आम्ही पोचलो तेव्हा पाणी थोडंसंच खदखदत होतं. मला पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा लावून नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभं केलं होतं. बोलायचं नाही, फक्त हाताने दिशा दाखवायची. गडद निळं ते खोल. पिवळट हिरवं दिसलं की वेग कमी. तपकिरी म्हणजे प्रवाळाचा खडक, कधी पाण्याखाली हातभरच. ढगाची सावलीही अगदी तश्शीच दिसते, पण ती सरकते. सरकते की नाही हे बघण्याइतकं थांबायचं, एवढ्यात सगळं आलं.

नांगर टाकायलाही तेवढीच कटकट. वाळूचा मोकळा तुकडा सापडला तरी वारा फिरला की बोट फिरते आणि साखळी खडकांना वेढे घालते. प्रवाळ मोडतो तो मोडतो, वर नांगर अडकतो. म्हणून मोत्यांच्या शेतीतून सुटून किनाऱ्याला लागलेले प्लॅस्टिकचे काळे तरंगते गोळे काउएहीतच वेचून ठेवले होते. थोड्या-थोड्या अंतरावर ते साखळीला बांधत गेलो. नंतर मास्क लावून उतरून पाहिलं, तर साखळी खडकांवरून दोन-अडीच हात अंतर राखून झुलत होती, आणि एक निळा-हिरवा पोपटमासा खाली खुशाल प्रवाळ कुरतडत होता. त्याचा कटकट आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो.

तू येणार आहेस ते जून-जुलैच्या पौर्णिमेच्या बेतानेच ये. हजारो ग्रुपर मासे तेव्हा अंडी घालायला याच दारात जमतात आणि त्यांच्यामागे शेकडो शार्क. तारकर्लीला डायव्हिंग शिकलास ते कामी येईल. ताहितीहून विमान रोटोआवाला उतरतं, लगूनच्या पार दुसऱ्या टोकाला. आम्ही आतल्या आत बोट घेऊन तुला न्यायला येऊ. तिकिटाचं तेवढं लवकर कळव. बाईंना सगळं आधी ठरलेलं लागतं.

वहिनींना नमस्कार, चिमणीला पापा.

तुझा,
सुध्या