कॉइल न पाहताच नाकारलेल्या वॉरंटीबद्दल तक्रार

चंद्रपूर, १५ मे २०२५

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख, मुख्य कार्यालय

विषय: गाडीच्या एसीमध्ये दोनदा गॅस भरून पैसे घेणे, गळती लपवणे आणि वाढीव वॉरंटी नाकारणे

काल दुपारी सव्वाचारला तुमच्या विभागीय वॉरंटी अधिकाऱ्यांचा फोन आला. माझ्या गाडीच्या एसीतली, हवा थंड करणारी कूलिंग कॉइल कोळशाच्या धुळीने गंजली आहे आणि "चंद्रपूरच्या हवेची वॉरंटी कंपनी देत नाही", असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, कॉइल कोणी पाहिली? त्यावर ते म्हणाले, "मॅडम, पॉलिसी आहे." पुन्हा विचारलं, तर फोन ठेवला.

कॉइल कोणीही पाहिलेली नाही. ती डॅशबोर्डच्या आत असते आणि डॅशबोर्ड अजून उघडलेलाच नाही. ही गाडी तुम्हीच बनवता, तेव्हा ते मी तुम्हाला समजावून सांगायला नको.

गाडी फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्याच शोरूममधून घेतली. त्याच दिवशी चौथ्या-पाचव्या वर्षाची वाढीव वॉरंटी १६,५०० रुपये भरून घेतली. गाडी ४६ हजार किलोमीटर चालली आहे, मर्यादा एक लाखाची आहे. एकही सर्व्हिस बाहेर केलेली नाही. वॉरंटीच्या पुस्तिकेत एसीचा कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल हे तिन्ही भाग नावानिशी छापलेले आहेत.

३ एप्रिलला थंड हवा कमी येते म्हणून गाडी दाखवली. गॅस कमी आहे, गॅस वॉरंटीत येत नाही, तो "वापरून संपतो", असं सांगून गॅस भरला आणि २,८३२ रुपये घेतले. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरतो, कॉइलमध्ये उष्णता घेतो आणि कंडेन्सरमध्ये सोडतो. तीन वर्षांच्या गाडीत तो एकाएकी कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे. हे मी त्याच दिवशी तुमच्या वर्कशॉपच्या सल्लागारांना सांगितलं आणि गळती तपासा म्हटलं. त्यांनी जॉबकार्डवर "कूलिंग ओके" लिहिलं.

अठरा दिवसांनी, २१ एप्रिलला, पुन्हा गरम हवा. या वेळी मी गॅस काढणाऱ्या-भरणाऱ्या मशीनची छापील चिठ्ठी मागून घेतली. ३ तारखेला ४५० ग्रॅम गॅस भरला होता, २१ तारखेला आतून २१० ग्रॅमच निघाला. अर्ध्याहून जास्त गॅस अठरा दिवसांत गेला, हे तुमच्याच मशीनने छापून दिलं आहे. तरीही गळती न शोधता पुन्हा गॅस भरला आणि १,१८० रुपये मजुरी घेतली. चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे.

२ मे रोजी वडिलांना तपासणीसाठी नागपूरला नेत होते. त्यांची बायपास झालेली आहे, दर महिन्याला जावं लागतं. वरोरा सोडल्यावर थंड हवा बंद पडली. बाहेर ऊन किती असतं हे विदर्भात गाड्या विकणाऱ्या कंपनीला माहीत असणार. काचा उघडल्या तर झळा, बंद केल्या तर भट्टी. जामच्या चौरस्त्यापाशी गाडी थांबवली, रुमाल ओला करून त्यांच्या मानेवर ठेवला आणि अर्धा तास झाडाखाली बसवलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि हात थरथरत होता.

आता ५ मेबद्दल. हे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण त्या दिवसापासून ते डोक्यातून जात नाही.

सकाळी साडेदहाला वडिलांना घेऊनच वर्कशॉपला गेले. दीड तासाने तंत्रज्ञाने गळती शोधायचं यंत्र ब्लोअरच्या तोंडाशी धरलं, ते वाजलं, आणि गळती कूलिंग कॉइलची आहे असं तो म्हणाला. त्या मुलाने काम नीट केलं, त्याच्याबद्दल तक्रार नाही. मग वर्कशॉपचे व्यवस्थापक आले. हातात ३४,७०० रुपयांचं अंदाजपत्रक. मी म्हटलं, कॉइल वॉरंटीत आहे. ते म्हणाले, "ती गंजली असेल, गंज वॉरंटीत येत नाही." मी विचारलं, गंजली आहे की गंजली असेल? ते हसले. मग म्हणाले, "मॅडम, हे टेक्निकल आहे. मिस्टरांना पाठवून द्या न, मी त्यांना समजावतो."

मी सांगितलं की गाडी माझ्या नावावर आहे, मीच चालवते, पैसेही मीच भरले आहेत आणि जे समजवायचं ते मलाच समजवा. ते माझ्याकडे पाठ करून माझ्या वडिलांकडे वळले. "काका, तुम्ही तरी सांगा यांना. नऊ लाखांची गाडी घेता आणि तीस-पस्तीस हजारांसाठी एवढं? तोवर काचा खाली करून चालवा, आमच्याकडे कितीतरी लोक तसंच चालवतात." लाउंजमध्ये सात-आठ ग्राहक बसले होते. सगळे बघत होते. माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी तिची आहे. तिच्याशीच बोला." व्यवस्थापक अंदाजपत्रक टेबलावर ठेवून आत निघून गेले. पंचवीस मिनिटं आम्ही तिथेच उभे होतो. कोणीही आलं नाही. ज्या माणसाला उन्हाचा त्रास झाला म्हणून मी गाडी घेऊन आले होते, त्याला तुमच्या लाउंजमध्ये ताटकळत उभं राहावं लागलं.

शेवटी सल्लागाराने निरोप आणला: ९,५०० रुपये आगाऊ भरा, डॅशबोर्ड उघडू, कॉइल गंजलेली निघाली तर ते पैसे तुमचे गेले. म्हणजे ५ मेला कॉइल पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नव्हतं. मी पैसे भरले नाहीत, डॅशबोर्ड उघडला नाही. आणि १४ मेला तुमच्या अधिकाऱ्यांना ती कोळशाने गंजल्याचं कळलं. कसं कळलं, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

कोळशाच्या धुळीचं म्हणाल, तर या गावात औष्णिक वीज केंद्र आणि कोळसा खाणी तुमचं शोरूम येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. १६,५०० रुपये घेताना इथल्या हवेचा विषय कोणी काढला नाही. कॉइलपर्यंत जाणारी हवा केबिन फिल्टरमधून जाते आणि तो फिल्टर प्रत्येक सर्व्हिसला तुमच्याच वर्कशॉपने बदलून पैसे घेतले आहेत. सगळी बिलं माझ्याकडे आहेत. धूळ तरीही आत गेली असेल, तर दोष फिल्टरचा किंवा कॉइलचा आहे. हवेत राहणाऱ्या माणसाचा नाही.

दुसरी काळजी कॉम्प्रेसरची. त्याचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस कमी असताना एसी चालला की कॉम्प्रेसरला तेल पुरत नाही. ३ एप्रिलला गळती शोधली असती, तर मी महिनाभर तसा एसी चालवलाच नसता. उद्या कॉम्प्रेसर गेला, तर त्यालाही चंद्रपूरची हवा कारण होईल, अशी मला भीती आहे.

माझं म्हणणं असं. कॉइल वॉरंटीत बदलून द्या, डॅशबोर्डची मजुरी आणि गॅस धरून. गळती न शोधता घेतलेले २,८३२ आणि १,१८० रुपये परत करा. जुनी कॉइल माझ्यासमोर काढा आणि मला दाखवा. कॉम्प्रेसर तपासून त्याचा अहवाल द्या. नाकारायचंच असेल, तर पुस्तिकेतल्या कोणत्या कलमाने, ते सही-शिक्क्यानिशी कळवा. फोनवरची "पॉलिसी" मी मानणार नाही. आणि त्या व्यवस्थापकांनी माझ्या वडिलांची लेखी माफी मागावी. माझीही मागावी. "मिस्टरांना पाठवा" हे वाक्य तुमच्या वर्कशॉपमध्ये आणखी कोणत्याही बाईला ऐकावं लागू नये.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, मी आज सकाळी तक्रार नोंदवली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहते तिथेच तक्रार दाखल करता येते आणि वकील लागतोच असं नाही. मशीनची चिठ्ठी, तिन्ही जॉबकार्डं, बिलं आणि कालच्या कॉलचं रेकॉर्डिंग मी जपून ठेवलं आहे.

आमच्या घरातली ही तुमच्या कंपनीची दुसरी गाडी. पहिली आम्ही अकरा वर्षं वापरली, तिच्या एसीला एकदाही हात लावावा लागला नाही. त्या विश्वासावर शाळेतल्या तीन सहकाऱ्यांना मी तुमच्याच गाड्या घ्यायला लावल्या. परवा त्यातल्या एकीने विचारलं, वाढीव वॉरंटी घेऊ का? मी तिला थांबायला सांगितलं आहे.

वडिलांची पुढची तपासणी २ जूनला आहे. गाडी त्याआधी दुरुस्त होऊन मिळाली पाहिजे.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व गाडीचा क्रमांक सोबतच्या जॉबकार्डांवर)