आजोबांच्या पद्मिनीसाठी राबलेल्या हातांचे आभार

आजोबांची प्रीमियर पद्मिनी अकरा वर्षे शेडमध्ये उभी होती आणि तिचे १०८९ सीसीचे इंजिन पूर्ण जाम झाले होते. ते एकोणिसाव्या वर्षी मी स्वतः उघडून पुन्हा बांधू शकलो, याचे श्रेय ज्यांना आहे त्यांचे मनापासून आभार मानतो.

कुर्ल्याच्या ज्या निवृत्त मिस्त्रीकाकांनी चार रविवार माझ्याजवळ बसून एकदाही पाना स्वतःच्या हाती घेतला नाही, त्यांचे ऋण सर्वांत मोठे आहे. हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळायचे, नाहीतर हेड वाकते आणि त्याखालचे गळती रोखणारे गॅस्केट फुटते, हे त्यांनी मला तीनदा सोडायला लावून शिकवले. ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट उघडण्याचा नेमका क्षण साध्या बारा व्होल्टच्या बल्बवर पकडून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, कसे लावायचे, हेही त्यांचेच शिक्षण. बोअरिंग करणाऱ्या दादांनी ६८ मिलिमीटर व्यासाचे चारही सिलिंडर अर्धा मिलिमीटर वाढवण्याआधी नवे पिस्टन मागवून मोजून घेतले; ही काळजी फार थोडे जण घेतात.

ज्या अनोळखी टॅक्सीचालक काकांनी जपून ठेवलेला, हवा आणि पेट्रोल मिसळणारा सोलेक्स कार्ब्युरेटर पैसे न घेता दिला, त्यांचे नाव विचारायचेही राहून गेले. काका, मिश्रण जुळले आहे. स्पार्क प्लग आता काळे पडत नाहीत, फिकट तपकिरी निघतात.